अल्पायुषी रक्त

बाजाराच्या दिवशी आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच मागणी असते: एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन. मी मूळची धुळ्याची. लॅब तंत्रज्ञाची पदविका, डीएमएलटी, करून जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात नोकरीला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेली पावरा, भिल्ल, तडवी बायापोरं बाकावर बसलेली असतात. सहा, साडेसहा, सात असे आकडे मी लिहीत जाते आणि माणसं रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परततात. पुष्कळांना गुणही येतो.

एका पावरा मुलाला मात्र येत नव्हता. डोळे पिवळट, सांधे धरलेले, वयाच्या मानाने अंगकाठी अगदी लहान. बापाने गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. औषध चुकवलेलं नाही, हे दाखवायला. "ताई, याले रगतच नही शे," तो म्हणाला. "कितल्या गोया दिन्या, चढतच नही."

डॉक्टरांनी या वेळी सिकल (म्हणजे सिकलसेल आजाराची) आणि रेटिक या दोन्ही तपासण्या लिहिल्या होत्या. रेटिक म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. रंग दिला की त्यांच्यात निळी जाळी दिसते. निरोगी माणसात शंभर पेशींमागे त्या एक-दोनच सापडतात. या मुलाच्या काचपट्टीवर जिथे बघावं तिथे निळी जाळी. मोजणी दहाच्या पुढे गेली. मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली तेव्हा मला गोळ्यांच्या त्या रिकाम्या पट्ट्यांचंच वाईट वाटत होतं. पोराच्या हाडांत रक्त रात्रंदिवस तयार होत होतं. तयार झालेलं टिकत नव्हतं.

मग सिकलची तपासणी. द्रावणात रक्ताचा थेंब पडला आणि नळी गढूळ झाली, मागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या. ही नळी रुग्ण आणि वाहक यांतला फरक सांगत नाही, म्हणून नमुना पुढच्या तपासणीला पाठवला. उत्तर आलं: एसएस. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही जनुक सिकलचे.

तांबड्या पेशीचं मरण हा विषय मला तेव्हापासून सोडत नाही. या पेशीला केंद्रक नसतं, मायटोकाँड्रिया नसतात. तरीही ती शिस्तीत मरते. साधारण 120 दिवस फिरून झाली की तिच्या पटलात बदल होतात आणि प्लीहेतल्या, यकृतातल्या भक्षक पेशी तिला ओळखून गिळतात. मुदतीआधीच बिघडलेल्या पेशीसाठीही एक ठरलेली वाट असते. कॅल्शियम आत शिरतं, पोटॅशियम आणि पाणी बाहेर पडतं, पेशी आक्रसते, आणि पटलाच्या आतल्या थरात राहणारं फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं मेद बाहेरच्या थरावर येतं. 'मला उचला' अशी ती खूण. हिमोग्लोबिन रक्तात सांडण्याआधीच पेशी उचलली जाते. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या फ्लोरियान लांग यांच्या गटाने या मरणाला एरिप्टोसिस म्हटलं.

सिकलमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, बिघाड एवढाच. पण ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनच्या दोऱ्या वळल्या जातात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. असं वारंवार झालं की पटल फाटकं होतं, कॅल्शियम आत येतं, पाणी जातं आणि मरणाची खूण अवेळी बाहेर उमटते. पेशीचं आयुष्य दहा-वीस दिवसांवर येतं. उचलणाऱ्या पेशी पुऱ्या पडत नाहीत. खूण उमटलेल्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, गुठळी व्हायला मदत करतात. काही तर वाहिनीतच फुटतात. पोराचे सांधे रात्र-रात्र ठणकायचे ते या कोंडीमुळे.

पण हेच लवकर मरण वाहकाला उपकारक ठरतं. एकच सिकल जनुक असलेल्याच्या पेशीत मलेरियाचा जंतू शिरला की ती पेशी लवकर उचलली जाते आणि जंतूही तिच्याबरोबर जातो. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, त्यामागे हे मोठं कारण आहे.

बापाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. रक्त बनतं, पण लवकर मरतं, म्हणून नुसत्या लोहाच्या गोळीने भागत नाही, एवढं सांगितलं. लोहाची खरी कमतरता तपासणीत दिसली तरच लोह; एरवी फॉलिक आम्ल. वारंवार रक्त चढवावं लागलं तर लोह उलट अंगात साचत जातं. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं. त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी वाकायच्या कमी होतात. पांढऱ्या पेशी घटू नयेत म्हणून रक्त मात्र तपासत राहावं लागतं. आणि पाणी. जळगावच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा घामाने आटलेलं अंग या पेशींना आणखी वाकवतं. हे ऐकताना बाप खाली बघत होता. कुटुंब दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात होतं आणि पोरगं दिवसभर फडातच असायचं.

आईने विचारलं, "धाकलीले बी व्हई का?" दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, हे मी बोटांवर दाखवलं. मुलीचा अहवाल एएस आला, म्हणजे वाहक. तिला औषध लागणार नाही. लग्न ठरवताना समोरच्याची तपासणी मात्र लागेल.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. आमच्या भागात एक शिबिर थंडीत घेतलं होतं, तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसंच सापडली; बाकीची ऊसतोडीला गेलेली. त्या बापाला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "होळीले या ना ताई. भोंगऱ्याले सगळा लोक घर येतस." मी डॉक्टरांना तसं लिहून दिलं आहे: पुढचं शिबिर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात घ्यावं, आणि लॅबकडे रेटिकचा रंग पुरेसा असावा.