यात्रेच्या गाडीतील वीज

डोंबिवलीतील आमच्या स्नेह्यांनी, तिघा भावांनी मिळून, यात्रेसाठी एक मोठी व्हॅन घेतली आणि आत झोपण्याचे बाक, पाण्याची टाकी व चौक्यापुरता ओटा बसवून घेतला. कसारा घाट चढून नाशिकला म्हसरूळच्या गजपंथाचे दर्शन घ्यावे, पुढे सटाण्यावरून मांगीतुंगीला जावे आणि सूर्यास्तापूर्वी घरचेच शुद्ध भोजन करावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा गाड्यांची चौकशी आपल्या समाजातही होते. ती बहुधा आसनांची आणि पडद्यांची असते. विजेची कोणी करत नाही.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या हव्यात. एक इंजिनासाठी, दुसरी दिवे-पंख्यांसाठी. ही दोन स्वतंत्र खाती आहेत. इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडणारा रिले नसेल, तर रात्रभर पंखे चालवून सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हिशेब आधी दिसतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १.८ युनिट वीज. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून त्यातील निम्मीच काढावी. त्यापुढे मुद्दलाला हात लागतो. दिवे, दोन छोटे पंखे आणि मोबाइल यांना ती रात्रभर पुरते. २००० वॅटची इंडक्शन शेगडी मात्र ती अर्ध्या तासाच्या आत संपवते आणि तारेतून दीडशेहून अधिक अँपिअर खेचते.

गेल्या यात्रेत आम्ही उभयता त्यांच्यासोबत होतो. इगतपुरी ओलांडल्यावर चालकाला जळका वास आला. मागे मुलाबाळांसह सातजण झोपले होते आणि बाहेर पडायला दार एकच. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत फिटिंगवाल्याने घरातल्या दिव्याला वापरतात तशी बारीक वायर ओढली होती, फ्यूज नव्हताच. वायरचे आवरण मऊ पडले होते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा, कारण तो पुढच्या साऱ्या तारेचे रक्षण करतो. अग्निकायिक जीवांची विराधना टाळावी म्हणून विनाकारण काडीही न ओढणारी आपली घरे. त्यांनी चादरींच्या रंगावर आठवडा घालवावा आणि तारेची जाडी विचारू नये, याचे मला नवल वाटते.

धर्मशाळेत गाडी बाहेरच्या विजेवर जोडताना आधी सॉकेटला अर्थिंग आहे का, ते तपासावे. गाडी रबरी टायरांवर उभी असते. आतली तार पत्र्याला लागली आणि अर्थिंग नसले, तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराला हात लावणारी व्यक्तीच विजेची वाट होते. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून चालवू नये; ती तापते.

भगिनींना एक विनंती. बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या उतरवाव्यात. सोन्याची बांगडी दोन्ही टोकांना एकदम टेकली, तर क्षणात लाल होते आणि मनगट भाजते.

आषाढात चातुर्मास लागला की यात्रा थांबतात आणि गाडी उभी राहते. बॅटरीचे खरे नुकसान याच काळात होते. वापर नसतानाही ती उतरत जाते, आणि रिकामी राहिली की पट्ट्यांवर क्षार घट्ट बसतात. म्हणून ऋण टोकाची तार आधी सोडावी आणि महिन्यातून एकदा खिडक्या उघड्या ठेवून बॅटरी चार्ज करावी. त्या वेळी निघणारा वायू पेट घेतो, तेव्हा जवळ दिवा-उदबत्ती नको. पाणी डिस्टिल्डच घालावे. गाळलेले, उकळलेले पाणीही चालत नाही, त्यात क्षार राहतात.

तिघा भावांनी नवे वायरिंग करून घेतले, गाडीतील बदलांची आरटीओत नोंदही तपासून घेतली, आणि चार्जिंगचे महिने आपसांत वाटून घेतले. भाद्रपद धाकट्याकडे आहे. पर्युषणाच्या धावपळीत नेमका तोच महिना राहून जाईल, असे त्याच्या वहिनींचे म्हणणे आहे.