बोरिंगच्या आधीचे, बोरिंगच्या नंतरचे

आमच्या घरातल्या लग्नांचे जुने फोटो काढले की कोण कुठल्या सालचं, हे दातांवरून सांगता येतं. मोठे काकाजी, आत्या, सगळ्यांत थोरला चुलतभाऊ मोकळे हसताहेत. त्यांच्यानंतरचे आम्ही सारे ओठ मिटून उभे. मधल्या काळात घरासमोर बोरिंग आलं होतं.

पांढरकवड्याकडची ही गोष्ट. १९७२ च्या दुष्काळानंतर खडक भेदणाऱ्या मशिनी गावोगाव फिरल्या आणि पुढे त्यांच्यामागून ‘मार्क टू’ पंप आले. त्या पंपाचं मूळ सोलापूर-जालन्याकडे मिशनऱ्यांनी केलेल्या पंपांत होतं. आजीला त्या पंपाचं कोण कौतुक! तिच्या पायातून नारू निघालेला. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढलेला. विहिरीचं पाणी म्हणजे नारू, कॉलरा, हगवण. बोरिंगचं पाणी काचेसारखं. शिवाय त्यात डाळ पटकन गळायची, हा तिचा शेवटचा पुरावा. आता कळतं, त्यातच मेख होती. अशा खोलवरच्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असतं. डाळ शिजायला हे सोयीचं, आणि खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरायलाही. वरच्या उथळ विहिरींत ते कमीच होतं.

दात पिवळे, मग तपकिरी, कुणाचे खडबडीत. दोष अर्थातच आमचा. गूळ खाता, चुळा भरत नाही, आळशी आहात! मग राख, कडुनिंबाची काडी, मीठ, माकड छाप काळं मंजन. एका धाकट्याने तर विटेची भुकटी घासून हिरड्या सोलून घेतल्या. डाग आतूनच आलेला, तो घासून जातो कुठला? बहिणींचं दुःख आणखी निराळं. पाहायला आलेली मंडळी पोहे संपेपर्यंत थांबायची आणि आईला बाजूला घेऊन विचारायची, पोरगी तंबाखू घासते का? त्याच सुमारास टीव्हीवरच्या जाहिराती टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आहे म्हणून मिरवू लागल्या. बाबांनी हौसेने नळी आणली. आम्ही दुप्पट लावायचो.

थोरल्या भावाचे दात का वाचले, याचं उत्तर फार उशिरा मिळालं. कायमच्या दातांचं वरचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत घडत असतं. डाग पडायचा तो तेव्हाच. बोरिंग आलं तेव्हा भाऊ त्यातून सुटलेला होता. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याने १९०१ पासून हेच पाहिलं: तिथे वाढलेल्या पोरांचे दात तपकिरी, मोठेपणी येऊन राहिलेल्यांचे शुभ्र. कारण पाण्यातलं फ्लोराइड, हे कळायला १९३१ साल उजाडलं. गंमत अशी की त्या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागत होती. त्यावरूनच थोडं फ्लोराइड मुद्दाम पाण्यात मिसळायची कल्पना निघाली आणि १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने ती सुरू केली. जो पदार्थ आमच्या घरी फुकट आणि नको तेवढा येत होता, तो तिथे मापून विकत घेत होते.

परवा अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन आला, “काकाजी, आमच्या नळाच्या पाण्यात विष घालतात म्हणे, खरं का?” तिकडे वाद पेटलाय. २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं तर मुलांच्या बुद्ध्यांकावर परिणाम होण्याशी संबंध दिसतो, असं म्हटलं. २०२५ मध्ये यूटा राज्याने मिसळण्यावरच बंदी घातली. पण तिकडे मिसळतात ते ०.७, आणि तेवढ्यावर काय होतं हे सांगायला पुरेसा पुरावा नाही, असंही तोच अहवाल म्हणतो. आपल्याकडे मर्यादा १ ची. दुसरं पाणीच नसेल तर १.५. ज्याच्या घरी ०.७ आहे त्याला घाबरवायला भारतातल्या वाकड्या पायांचे फोटो दाखवणं मला लबाडी वाटते. वादच घालायचा तर टूथपेस्ट घरोघरी असताना मिसळायची गरज उरली का, यावर घालावा.

वाकडे पाय मात्र खरे आहेत. मधले काका साठीच्या आत मान वळवायची तर अख्खे वळू लागले. सगळे म्हणायचे, वात आहे. वर्षानुवर्षांच्या पाण्याने हाडंही आखडतात, हे कुणी सांगितलंच नाही. पुढे नागपूरच्या ‘नीरी’ची नलगोंडा पद्धत घरी आली: बादलीभर पाण्यात चुना आणि तुरटी, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. मापं प्रत्येक बोरिंगची वेगळी. चार घरचं धुणं-भांडी करून आलेल्या आईने काही महिने केलं, मग बादली गोठ्यात गेली. आंबट वरणातली चिंच मात्र आम्ही कौतुकाने खातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या अभ्यासात चिंच खाणाऱ्या मुलांच्या लघवीतून फ्लोराइड जास्त बाहेर पडलं होतं. आजीला हे सांगायला हवं होतं. तिने लगेच श्रेय घेतलं असतं.

बोरिंग खोदलं ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. नारू गेला, हगवणीने पोरं मरायची थांबली. पाणी वर आलं त्याच आठवड्यात बाटलीभर तपासायला पाठवलं असतं, तर बहिणींना त्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं नसतं. तपासणी झाली तेव्हा आमची लग्नंही उरकली होती. मग पंपाला लाल रंग फासला आणि ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं. गावात नळ आलाय. मे महिन्यात तो चार-चार दिवस येत नाही, तेव्हा लोक लाल पंपावर रांग लावतात, आणि गुंड घेऊन आलेल्या सुनेला परत जा म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.