चढवलेली पट्टी

जिमी हेंड्रिक्स मंचावर बऱ्याचदा गिटार अर्धा स्वर उतरवून लावत असे. मला ते ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्यावरून मी १९६९ च्या त्याच्या एका अमेरिकी मैफिलीची टेप बिघडवली.

न्यू जर्सीत नोकरीला आल्यावर मला हा नाद लागला. श्रोत्यांत बसलेल्या कुणीतरी लहानशा रेकॉर्डरवर टिपलेली मैफल, मग तिची प्रत, त्या प्रतीची प्रत. दर पिढीला खरखर वाढते आणि वरचे स्वर झिजतात. व्यवहार अदलाबदलीचा. देण्यासारखं काही नसेल तर रिकाम्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा. पैसे मात्र कुणी घ्यायचे नाहीत. ग्रेटफुल डेडनं तर १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांना प्रेक्षागृहात वेगळी जागाच दिली. हा व्यवहार पूर्णपणे विश्वासावर चालतो, आणि तो विश्वास मी सांभाळला नाही.

हेंड्रिक्सची ती कॅसेट मला एका वयस्कर संग्राहकानं उसनी दिली होती. लहानपणी पेटी शिकल्यामुळे माझा कान पट्टी लगेच धरतो. जिथे पांढरी तीन हवी तिथे काळी दोन ऐकू आली, आणि टेप हळू चालते आहे असं मी ठरवून टाकलं. वेग जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढवला. पाच मिनिटांचं गाणं सतराएक सेकंदांनी आखडलं, आवाज किंचित किरटा झाला, तरी शंका आली नाही. खरं तर पुरावा टेपमध्येच होता. दोन गाण्यांच्या मधे अँप्लिफायरची घरघर ऐकू येते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर ६० वर आणि तिच्या पटींत दिसायला हवी. माझ्या ‘दुरुस्त’ प्रतीत ती साडेत्रेसष्टच्या आसपास होती. मी तपासलंच नाही.

वेगाची चूक निदान उलटवता येते. खरखर काढताना जे केलं ते उलटवता येत नाही. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना दाखवून मी ती जवळपास पूर्ण पुसली. तिच्याबरोबर झांजांची चमक गेली आणि सभागृहात रेंगाळणारा नादही गेला. टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या वाटू लागल्या. तेव्हा मला ते स्वच्छ वाटलं होतं, आणि मी आनंदात होतो. टेप पलटताना पडलेली फटही दिसू नये म्हणून दुसरीकडच्या टाळ्या उचलून तिथे जोडल्या. जागा वाचवायला कच्ची फाइल पुसून टाकली. आणि एवढं सगळं करून, काय केलं याची एक ओळही सोबत न लिहिता प्रती वाटल्या.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी हीच मानतो. बाकीच्या चुका कच्च्या कानाच्या होत्या. घेणाऱ्याला वंशावळ न सांगणं ही फसवणूक होती, मनात तसं नसलं तरी.

काही वर्षांनी त्याच मैफिलीची ‘अधिक चांगली’ प्रत अदलाबदलीत मिळते आहे असं कळलं. मी त्यासाठी माझ्याकडची एक आवडती टेप दिली. ऐकत असताना दोन ठिकाणी तीच शिट्टी आली, अगदी तशीच, त्याच टाळ्यांच्या मागे. ती मीच जोडलेली होती.

तोवर हेंड्रिक्सच्या उतरवलेल्या गिटारबद्दल कळलं होतं. वेग मूळ पदावर आणून, शिट्टी कुठे आणि का दोनदा येते हे लिहून, ज्यांचे पत्ते होते त्या सर्वांना मी नवी प्रत पाठवली. काहींनी जुनी पुढे कुणाकुणाला दिली ते आठवून कळवलं. बहुतेकांना आठवत नव्हतं. ज्यांनी कॅसेट दिली होती ते गृहस्थ आता नाहीत, आणि त्यांच्या संग्रहाचं काय झालं हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी तीच कॅसेट माझ्याआधी आणखी कुणाला उतरवून दिली असेल, तर त्या माणसाच्या शोधात मी अजून आहे.