राहिलेली एलएफसी

मंडळी, आज शाहपूरबाहेरची आठवण लिहितोय, पण फिरून आपल्या तापीवरच येणार आहे.

मागच्या फेब्रुवारीत मुलानं मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढली. माझं मन नव्हतं. बँकेत असताना आमची ही दरवर्षी म्हणायची, “अहो, या वेळी एलएफसी गोव्याची घ्या ना, मला समुद्र पाहायचाय.” प्रवास भत्ता बँक देणार, तरी माझं उत्तर ठरलेलं: मार्चचं क्लोजिंग होऊ दे, मग बघू. अशी 34 क्लोजिंग झाली. निवृत्तीनंतर तिचे गुडघे, मग आजारपण. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

जहाज मुरगावला लागलं. हातात पाच-सहा तास. टॅक्सी करून जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चला गेलो. 1605 सालचं, जांभ्या दगडाचं, बाहेरून गिलावासुद्धा नाही. आत मात्र सोन्याचा मुलामा दिलेली वेदी. एका बाजूला उंच संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची पेटी, तीत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव. चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकनं दिलेला, पेटी गोव्याच्याच कारागिरांची. सोनेतारणात आयुष्य गेलं माझं, पण त्या चांदीचं वजन किती असेल, हे मनातही आलं नाही.

गाइडनं सांगितलं, झेवियरना चीनला जायचं होतं. 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर, पुढच्या बोटीची वाट पाहतापाहता ते वारले. आधी तिथंच पुरलं, मग मलाक्क्याला, आणि 1554 मध्ये गोव्यात आणलं.

मला एकदम आपलं बऱ्हाणपूर आठवलं. 1631 मध्ये मुमताजमहल तिथंच बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादला तिला पुरलं, काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळे बघतात, आहूखान्याकडे कोण फिरकतं?

मी बाकावर बसून राहिलो. नातीनं विचारलं, “आजोबा, रडताय का?” म्हटलं, “नाही गं, चष्म्याचा नंबर वाढलाय.”

संध्याकाळी डेकवर उभा होतो. हिच्या अस्थी आम्ही तापीतच सोडल्या होत्या. तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते, हे शाळेत पाठ केलेलं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. ती माझ्या आधीच पोचली होती, माझं क्लोजिंग संपायची वाट न बघता.

ज्यांची नोकरी अजून चालू आहे, त्यांना एवढंच सांगतो: यंदाची एलएफसी यंदाच घ्या.