गॅस कुठून जातो

१६ एप्रिल
घोडबंदर रोडवरचा फ्लॅट. काकूंनी दार उघडताच सांगितलं, "गॅस भरायचाय. दर उन्हाळ्यात भरावाच लागतो." एसीच्या इनडोअरचं झाकण काढलं तर कॉइलच्या सुरुवातीच्या नळ्यांवर पांढरा बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी, कोमट. गॅस कमी झाला की असंच दिसतं. दाब पडलेला असतो, त्यामुळे जेवढा द्रव पोचतो तो पहिल्याच नळ्यांत शून्याखालच्या तापमानाला उकळतो आणि पुढच्या नळ्यांना काही उरत नाही.

काकूंना बसवून समजावलं. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांत तोच फिरतो, घरात उकळतो, बाहेर पुन्हा द्रव होतो. यंत्र धड असेल तर पंधरा वर्षांनीही तेवढाच असतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी जातोय, आणि ती जागा न शोधता वरून ओतला तर पुढच्या एप्रिलात पुन्हा हेच. काकू म्हणाल्या, "मग इतकी वर्षं येणाऱ्यांनी सांगितलं का नाही?" या न सांगण्याचा मला राग येतो. शोधायला अर्धा दिवस जातो, भरायला अर्धा तास, म्हणून सांगत नाहीत.

आऊटडोअरच्या जाड नळीच्या नटाभोवती तेलकट डाग होता, त्यावर धूळ बसलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, म्हणून मी आधी डोळ्यांनी तेल शोधतो, मीटर नंतर. भांड्यांच्या लिक्विडचा फेस लावला आणि नटाच्या मागून बारीक बुडबुडे आले. राहिलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि नट सोडला. फ्लेअरची, म्हणजे नळीच्या पसरवलेल्या तोंडाची, कड चिरलेली होती. बसवणाऱ्याने नळी कापल्यावर आतली धार रीमरने काढलीच नव्हती, वर नट अंगातलं सगळं बळ लावून आवळला होता. टोक कापून नवी फ्लेअर केली, तोंडाला तेलाचा थेंब लावला, टॉर्क पान्याने बसवली. अर्ध्या इंचाच्या नटाला साधारण ५५ न्यूटन-मीटर पुरतात. साबण ओल्या फडक्याने नीट पुसला. तो तसाच राहिला तर पितळ-तांब्याला खातो.

संध्याकाळी ४०० पीएसआयला कोरडा नायट्रोजन भरून गेज रात्रभर लावून ठेवला.

१७ एप्रिल
सकाळी गेजवर ३८८. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाचा चेहरा पडला. "दादा, बारा गेले. अजून लीक आहे." त्याला म्हटलं, आधी हवेचं बघ. काल संध्याकाळी ३६ अंश होते, आज सकाळी २७. तापमान तीन अंश उतरलं की नायट्रोजनचा दाब सुमारे एक टक्का उतरतो. नऊ अंशांना तीन टक्के, म्हणजे बाराच. जोड घट्ट आहे. त्याने वहीत लिहून घेतलं, मला बरं वाटलं.

मग व्हॅक्यूम पंप, ५०० मायक्रॉनच्या खाली येईपर्यंत. पुष्कळ जण व्हॅक्यूम टिकला की लीक नाही असं ठरवतात. मला ते पटत नाही. व्हॅक्यूममध्ये नळीच्या आत-बाहेर दाबाचा फरक जेमतेम १५ पीएसआय असतो आणि चालू यंत्रात त्याच नळ्या चारशेचा भार सोसतात. बारीक भोक त्या पंधराला दाद देत नाही. व्हॅक्यूम असतो तो हवा आणि ओल काढण्यासाठी. गॅस वजनकाट्यावर मोजून भरला, यंत्राच्या प्लेटवर लिहिला होता तेवढाच.

२१ एप्रिल
कळव्यात दोन घरं, दोन्हींत नुसत्या तुंबलेल्या जाळ्या. धुऊन दिल्या. एका भाऊंचा आग्रह, "आधीचा माणूस बंद यंत्रावर गेज लावून म्हणाला, गॅस फुल आहे." यंत्र बंद असताना गेज एवढंच सांगतो की आत कुठेतरी द्रव शिल्लक आहे. आर-३२ गॅस तीस अंशांना साधारण २६५ पीएसआय दाखवणारच, पूर्ण असो की निम्मा. भाऊंना ते पटायला वेळ लागला.

२५ एप्रिल
ऐरोली, नाल्याला लागून असलेली इमारत. दोन वर्षांपूर्वी बदललेली कॉइल पुन्हा गळतेय. तेलाचा डाग कुठेच नाही, फेसाला काही सापडेना, लीक डिटेक्टर मात्र कॉइलच्या खालच्या बाजूला कोकलतोय. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, तेव्हा डिटेक्टर जिथे ओरडतो तिथेच भोक असतं असं नाही. वहिनींना विचारलं, देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन लवकर काळं पडतं का? त्या थक्कच झाल्या. "दर आठवड्याला घासते. तुम्हाला कसं कळलं?" कुजणाऱ्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो चांदी काळी करतो, तसंच तांबंही खातो. कॉइलच्या वळणांवर तोच काळा थर होता.

कॉइल सुटी करून गच्चीवर नेली, टोकं बंद करून नायट्रोजन भरला आणि पाण्याच्या टबात बुडवली. बराच वेळ काही नाही. मग पत्र्यांच्या मधून एक बुडबुडा. थोड्या वेळाने तिथूनच दुसरा. मग दुसऱ्या ओळीतून. मुलगा विचारत होता, ब्रेझिंग करून भोक बुजवू या? पत्र्यांच्या आतली नळी, टॉर्च पोचणार नाही. आणि पोचला तरी एक भोक बुजवलं की शेजारचं उघडेल, कारण तांबंच सगळीकडे पातळ झालंय. अशी कॉइल दुरुस्त करून देतो म्हणून पैसे घेणं मला जमणार नाही. लेप दिलेली कॉइल मिळत असेल तर तीच घ्या आणि नाल्याकडची खिडकी बंद ठेवा, एवढं सांगितलं. खर्च ऐकून वहिनी गप्प झाल्या. नाला झाकला असता तर हा खर्च त्यांच्यावर आला नसता. आणि हे एकट्या त्यांचंच नाही, त्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक खिडकीबाहेर आऊटडोअर लटकतंय.

३ मे
आऊटडोअरमध्ये दोन नळ्या थरथरून एकमेकींवर घासलेल्या, एकीला टाचणीएवढं भोक. असं भोक ब्रेझिंगने नीट बुजतं. पण आर-३२ पेट घेऊ शकतो, शिवाय ज्वाळेत त्याची विषारी आम्लाची वाफ होते. म्हणून आधी गॅस ओढून घेतला, नळ्या नायट्रोजनने झाडून काढल्या, आणि मगच टॉर्च पेटवला. ब्रेझिंग चालू असताना आतून नायट्रोजनची मंद धार सोडून ठेवली. नाहीतर आत काळी पापडी धरते आणि पुढे बारीक नळीत अडकते. नायट्रोजन संपला म्हणून टॉर्चच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन भरून दाब तपासणारे मी पाहिलेत. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. मुलाला हे दर वेळी नव्याने सांगतो आणि सांगत राहणार. शेवटी घासणाऱ्या दोन्ही नळ्या मध्ये रबर घालून बांधल्या.

८ मे
नौपाड्यात आजोबांचा जुना आर-२२ चा एसी. सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन गळत होती, ती बदलली. भारतात हा गॅस २०३० पर्यंत हद्दपार व्हायचाय, आणि आत्ताच तो सहज मिळत नाही. आजोबांनी विचारलं, थोडासा हवेत गेला तर काय बिघडतं? १ किलो आर-२२ म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबात सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड, वर ओझोनचं नुकसान वेगळं. आर-३२ चा आकडा ६७५, कमी आहे, पण शून्य नाही. आजोबा रिकव्हरी सिलिंडरचा काटा वाकून बघत होते. ओढलेला गॅस ६४० ग्रॅम भरला. त्यांच्याच यंत्रात परत घातला, कमी पडला तेवढाच नवा. त्यांनी बिलावर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागितले, आणि मी ते लिहून दिले.