अफूच्या कचेरीचं गाव

मुरारच्या मॉल रोडवर केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आहे. देशाचे नार्कोटिक्स आयुक्त इथे बसतात. 1960 साली ही कचेरी शिमल्याहून ग्वाल्हेरला आली. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांना अफू पेरायचा पट्टा मिळतो तो याच खात्याकडून. ग्वाल्हेरकरांना गावाबद्दल विचारा: किल्ला, तानसेन, गजक, सगळं सांगतील. या कचेरीचं नाव घेणारा विरळा.

*

ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीच्या आठवणी निघाल्या की आमच्या मराठी वाड्यांत लढाया येतात, गाणं येतं, गणपती येतो. अफूचा महसूल कधी येत नाही. मंदसौर, नीमच, उज्जैन हा सगळा शिंद्यांचा मुलूख. तिथली अफू मुंबईला जाई, मुंबईहून जहाजाने चीनला. कंपनी सरकारने ती अडवायचा पुष्कळ खटाटोप केला. जमेना, तेव्हा 1830 च्या सुमारास नाद सोडला आणि पेटीमागे पासाची फी घ्यायला लागले.

*

आज चौकातल्या पोराच्या हातात मात्र अफूचा गोळा नसतो. स्मॅक, म्हणजे गर्द, मिळते, पण पोराच्या खिशाला सहज परवडतं ते कफ सिरप, झोपेच्या गोळ्यांची पट्टी, नाहीतर पंक्चर काढायचं सोल्यूशन. यातलं सिरप पुन्हा अफूशीच जाऊन भिडतं. त्यातलं कोडीन अफूपासून काढतात. त्याचे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला. म्हणजे शेतात चीक तोलून घेतात, त्याची नोंद होते, कारखान्यात पुन्हा नोंद होते. हिशेब सुटतो तो शेवटच्या काउंटरवर.

सुटू नये म्हणून कायदा आहे. मार्च 2014 पासून एच-1 ही अनुसूची लागू झाली. कोडीन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम तिच्यात आहेत. ही औषधं विकली की दुकानदाराने रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. वही तपासायचा अधिकार औषध निरीक्षकाचा, तुमचा-आमचा नाही. पण गल्लीतल्या पाच बायकांनी मेडिकलवाल्या भैयाला एवढं विचारायला कुणाची ना आहे: “भैया, बिना पर्चे के बच्चों को तो नहीं देते?” तो चिडेल. चिडू द्या. संध्याकाळी त्याच पाच जणी तिथूनच क्रोसिन घेणार आहेत, हे त्यालाही ठाऊक असतं. माझ्या मते मोहल्ल्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे, आणि सगळ्यात कमी वापरलेलंही हेच.

*

26 जून. जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. शाळेची रॅली, टोप्या, शपथ, चित्रकला स्पर्धा. चित्रात कवटी, सिरिंज आणि साप, आणि बक्षीस सापाला.

भीती घातली की मुलं नशेपासून दूर राहतात, ही आपली लाडकी समजूत. संयुक्त राष्ट्रांनी जागतिक आरोग्य संघटनेसह 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत नुसती माहिती देणं, भेदरवणं, पूर्वी व्यसनी असलेल्याला मुलांसमोर उभं करणं, हे सारं निरुपयोगी किंवा उलटं पडणारं म्हणून नोंदलं आहे. अमेरिकेत 1983 पासून पोलीस वर्गावर्गात जाऊन शिकवत होते. पुढच्या अभ्यासांत त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही.

*

एम्सने 2019 मध्ये देशभराच्या पाहणीचा अहवाल दिला. हुंगायची नशा ही एकच अशी निघाली की तिच्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त: 10 ते 17 वयोगटात 1.7 टक्के, मोठ्यांत 0.58. सायकलच्या दुकानातली ट्यूब कोण बंद करणार?

*

व्यसनमुक्तीवर कीर्तन ठेवा, ही सूचना हमखास येते. ठेवा की. पण श्रोते साठीच्या पुढचे, आणि व्यसन असलंच तर चहाचं.

*

आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 मध्ये 5 टक्के. त्यांनी भाषणं वाढवली नाहीत. मुलांच्या संध्याकाळी भरल्या: खेळ, संगीत, त्यासाठी पालिकेकडून पैसे. आईबापांनी आपसात ठरवून मुलं रात्री घरी आणली.

ग्वाल्हेरला याचं अप्रूप वाटायला नको. 1957 पासून इथे लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. हॉकीपटू कॅप्टन रूपसिंह इथे राहिले. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. गाण्याचं तर सांगायलाच नको. पण मोहल्ल्यातल्या पोराला संध्याकाळी साडेसहाला फुकट कुठे जाता येतं? कोचिंग क्लास नाहीतर पानाची टपरी.

*

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 29 ऑगस्ट 1986 ला सुरू झालं. गर्दच्या विळख्यातली मुलं अनिल आणि सुनंदा अवचटांनी पाहिली, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैशाचं बळ दिलं. ते नाव आमच्याकडेही पोचलं आहे, जरा वेगळ्या रूपात. एखाद्या घरातला मुलगा दिसेनासा झाला की आई सांगते, “पुण्याला मावशीकडे गेलाय, हवापालटाला.” ऐकणारी काकू मान हलवते. दोघींनाही कळलेलं असतं.

लपवण्यामागे अब्रू असतेच, पण पोलिसांची धास्ती जास्त. दवाखान्यात नाव लागलं तर केस होईल का? नार्कोटिक्स कायद्याच्या कलम 64-अ मध्ये याचं उत्तर आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला गेला, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

हे कलम रॅलीच्या एकाही फलकावर मी पाहिलेलं नाही. यंदा मंडळाच्या पोरांना दोन ओळी लिहून दिल्या आहेत: कलम 64-अ, आणि सरकारी हेल्पलाइन 14446. फलक रंगवणाऱ्याची तक्रार अशी की कवटीला जागा उरत नाही.