पदर आणि काठ

मनुष्याच्या नित्य वापरातील वस्तूंमध्ये पादत्राणांइतकी सेवा करणारी आणि पादत्राणांइतकी उपेक्षा सोसणारी वस्तू दुसरी क्वचितच असेल. ज्या वहाणांनी काट्याकुट्यांतून आपणांस देवाच्या दारापर्यंत आणून सोडावयाचे, त्यांनी स्वतः मात्र पायरीखाली थांबावयाचे. हा नियम इतका अंगवळणी पडलेला की त्याविषयी विचार करण्याची वेळ माझ्यावर उभ्या जन्मात आली नव्हती. ती गेल्या आषाढात आली, आणि तीही माझ्या नातीमुळे.

नात बेळगावातच महाविद्यालयात शिकते. एके दिवशी तिने बाजारातून पांढरे शुभ्र कॅनव्हासचे बूट आणले. हल्लीची मुले त्यांना ‘स्नीकर’ म्हणतात. बरोबर कापडावर लावावयाच्या रंगांच्या सात-आठ कुप्या आणि दोन बारीक कुंचलेही होते. “असे बूट सगळ्यांकडे असतात, मला माझे हवेत,” एवढाच तिचा खुलासा. घरी बसून बूट रंगविण्याचा हा नाद हल्ली पुष्कळ मुलामुलींस लागला आहे असे समजले. मला मात्र त्यात नवल वाटले नाही. कारण बूट रंगविण्याचा धंदा मी साठ वर्षांपूर्वी निपाणीस करून चुकलो होतो.

आमच्या वेळी शाळेच्या कवायतीसाठी असेच पांढरे बूट लागत. ते वर्षातून एकदा मिळत आणि श्रावण येईतो त्यांचा रंग निपाणीच्या वखारींतील तंबाखूसारखा होई. बुटांना लावण्याचा सफेदा विकत मिळे; परंतु तो आणण्याची ऐपत सर्वांचीच नसे. मग 14 ऑगस्टच्या रात्री शाळेतून खिशात घालून आणलेल्या खडूच्या तुकड्यांची पूड करावयाची, ती पाण्यात कालवावयाची आणि चिंधीच्या बोळ्याने बुटांवर फासावयाची. चुलीच्या उबेस ठेवलेले ते बूट सकाळी असे झळकत की पाय घालण्याचा धीर होऊ नये. पुढे मैदानावर झेंडा वर जाई आणि बहुधा त्याच सुमारास आमच्याकडचा पाऊस खाली येई. एका वर्षी तर सलामीच्या वेळीच सर आली. पांढरे ओघळ बुटांवरून चिखलात उतरले आणि आमचे खरे रंग सर्वांस दिसले. शेजारच्या मुलाच्या पायांत विकतच्या सफेद्याचे बूट होते. त्याच्या पायांकडे न पाहण्याचा मी किती यत्न केला, ते आजही आठवते.

नातीस ही हकीकत सांगितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “आजोबा, तुमच्या खडूत धरून ठेवणारे काहीच नव्हते.” तिचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. खडूची पूड धाग्यांवर नुसती बसलेली असते. कापडावरच्या या नव्या रंगांत रंगाचे कण एका चिकट द्रव्यात मिसळलेले असतात. पाणी उडून गेले म्हणजे त्या द्रव्याचा पातळ पापुद्रा बनतो आणि कणांना धाग्याशी बांधून ठेवतो. पुढे उष्णता दिली की तो अधिक पक्का होतो. बुटाच्या तळाच्या रबराची कथाही अशीच आहे. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत असे. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांस गंधक मिसळून तापविलेले रबर टिकते असे आढळले, आणि म्हणूनच हे बूट जगभर चालू लागले. तात्पर्य, आच लागल्यावाचून रबर टिकत नाही आणि रंगही टिकत नाही.

पहिल्या दिवशी नातीने घाई केली. कोऱ्या कापडास कारखान्यातील खळ असते, ती धुऊन काढावी लागते. शिवाय रंगात पाणी अधिक झाले की रेघ फुटते. टाचेवर काढलेले पहिले फूल पसरून डाग होऊन बसले. मग तिने नाड्या काढून बूट धुतले, आत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून त्यांस आकार दिला, रबराच्या कडेस चिकटपट्टी लावली आणि शिसपेन्सिलीने नक्षी आखावयास घेतली. नक्षी कोणती, हे पाहण्यास मी वाकलो आणि तेथेच खरा प्रश्न उभा राहिला.

माझ्या आईचे माहेर धारवाडचे. तिच्या पेटीत एक इरकली लुगडे आहे, आणि त्याच्या पदरावर तिने स्वतः लग्नापूर्वी भरलेली कशिदाकारी आहे. तिकडे तिला ‘कसूती’ म्हणतात. तीत कापडावर आखणी करावयाची नसते; ताणाबाण्याचे धागे मोजून टाके घालावयाचे असतात. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे त्यांचे चार प्रकार. मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा फुलीचा टाका. कॅनव्हासची वीणही चौकडीची. तेव्हा धागे मोजून कुंचल्याने फुल्या मांडल्या तर हुबेहूब कसूती उतरेल, ही नातीची कल्पना खरोखर सुंदर होती. तिने पणजीचे लुगडे मांडीवर घेऊन पदरावरील आकृती बुटावर उतरविली होती. ती आकृती तुळशीवृंदावनाची होती.

आई नव्वदीला टेकली आहे. तिला दिसते कमी, पण हवे ते दिसते. तिने बुटावरून बोट फिरविले आणि आमच्या घरच्या कोंकणीत एवढेच म्हणाली, “बाये, तुळस ती! पांयांत न्हय गो.”

नातीने वाद मांडला, आणि तो पोरकट नव्हता. पादुका सिंहासनावर ठेवून भरताने चौदा वर्षे राज्य केले. मग पायांतले ते हीन असे कोणी ठरविले? आई म्हणाली, “त्या पादुका कोणाच्या होत्या, ते पाहा.” उत्तर चोख होते. परंतु माझे मन तेवढ्यावर थांबेना.

मला निपाणीचा आमचा ओटा आठवला. वहाणांचे माप घेण्यास एक वृद्ध कारागीर येत. कागदावर पाऊल ठेवून त्याभोवती ते रेघ ओढीत. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमाविलेले कातडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, खिळा म्हणून नाही, आणि पट्ट्यांवर अशी बारीक वेणी की सोनाराने पाहत राहावे. असे ते हात! पण त्या हातांना आमच्या ओट्याची वरची पायरी ठाऊक नव्हती. पैसे वरून त्यांच्या ओंजळीत पडत. मला ते तेव्हा खटकले नाही, हेच आज अधिक खटकते. वस्तू पायांतली म्हणून करणाराही पायरीखालचा, असा हिशेब आम्ही मांडला आणि त्यालाच आचार म्हटले.

ज्या भूमीत आम्ही राहतो त्या भूमीनेच या हिशेबास बाराव्या शतकात उत्तर दिले होते. कल्याणच्या हरळय्या नावाच्या शरणाची कथा कन्नड मुलखात घरोघर सांगतात. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दोनदा नमस्कार करून उत्तर दिले, हे ऋण फेडावे कसे, म्हणून हरळय्या आणि त्याची पत्नी यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून त्यांस अर्पण केले. बसवण्णांनी ते पायांत घातले नाहीत, मस्तकी धरले. ही कथा मी नातीला सांगितली, आणि सांगताना ती मुख्यत्वे मीच ऐकली.

आपल्या सीमाभागाचे नशीबही पहा. 1 नोव्हेंबर 1956 पासून बेळगाव आणि निपाणी कोणाची, यावर आमच्या दोन पिढ्या झगडल्या. परंतु कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे 2019 साली जाहीर झाले, तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार, असे आठ जिल्हे एकत्र नांदत होते. कापशीचा, अथणीचा आणि निपाणीचा कारागीर एकाच नावाचे धनी ठरले. पुढे जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा या प्रसिद्ध पेढीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच वहाणा कोणाचेही नाव न घेता मांडल्या, तेव्हा इकडे मोठा गहजब झाला आणि त्या पेढीस भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. आम्ही सर्वांनी तावातावाने ते वृत्त वाचले. पण आमच्या ओट्याखाली उभ्या राहणाऱ्या त्या वृद्ध कारागिराचे नाव मला आठवेना. नाव न घेण्याचा दोष केवळ परदेशी पेढीचाच होता असे मग म्हणवेना.

असो. वृंदावन राहिले बाजूला. दुसरे काय काढावे याचा खल सुरू झाला. मोर म्हणावा तर तो कार्तिकेयाचा आणि शारदेचाही. हंस पुन्हा शारदेचाच. हत्ती गजलक्ष्मीचा, बैल शंकराचा, उंदीर गणपतीचा. जोंधळ्याचे कणीस सुचविले तर पत्नी म्हणाली, अन्न पायांत घालावयाचे काय? आपल्या देवांनी एकही प्राणी मोकळा सोडलेला नाही असे पाहून नात रडकुंडीस आली.

तेव्हा आईने लुगडे आपल्याकडे ओढून घेतले. पदर तिने छातीशी धरला आणि काठ नातीच्या हाती दिला. म्हणाली, “वृंदावन, गोपुर, पालखी, रथ हे सगळे आम्ही पदरावर भरीत होतो. पदर खांद्यावर जातो, डोक्यावर जातो. काठ पायांवर लोळतो. काठावर कोणी तुळस भरली आहे का, शोध.” आम्ही सर्वांनी शोधले. नव्हती. त्या काठाचे नाव ‘गोमी’. बारीक दात एकापुढे एक असे धावतात की नातीला त्यांत चालती गोमच दिसली. गोम कोणत्याही देवाचे वाहन नाही, आणि पायांच्या बाबतीत तिच्याइतकी अधिकारी दुसरी कोण?

नातीचे बूट तिसऱ्या दिवशी पुरे झाले. गडद तांबड्या पट्ट्यावर पांढरे दात, आणि जिभेवर मेंथीच्या दोन फुल्या. चोवीस तास वाळवून, आत कापडाचा गोळा भरून, वरून कोरडे फडके घालून इस्त्रीच्या टोकाने आच दिली. त्या कामी मी लुडबुड केली आणि एका ठिकाणी रबराची कड वितळविली. ती खूण अजून आहे.

श्रावणातल्या सोमवारी आम्ही दक्षिणकाशी म्हणून मान असलेल्या कपिलेश्वराच्या दर्शनास गेलो. नातीने बूट बाहेर काढून ठेवले. आत रांगेत असतानाच पावसाने झोडपावयास सुरुवात केली. साठ वर्षांपूर्वीचे पांढरे ओघळ माझ्या डोळ्यांपुढे आले आणि देवासमोर हात जोडतानाही माझे अर्धे लक्ष बाहेर राहिले, हे कबूल केले पाहिजे. परत आलो तो बूट पाण्याने निथळत होते. रंग जागच्या जागी होता. एक रेघही हलली नव्हती.

बाहेर जोडे सांभाळणाऱ्या बाईंनी ते बूट कोरड्या फळीवर उचलून ठेवले होते. “छान निघालाय काठ,” त्या म्हणाल्या, “कोणी केला?” नातीने आपले नाव सांगितले, पणजीचेही सांगितले आणि मग त्यांचे नाव विचारले. मी इतकी वर्षे त्या पायरीपाशी वहाणा काढीत आलो आहे. त्यांचे नाव मला त्या दिवशी प्रथम कळले.